विहिरी मोजणाऱ्या मुलांना विद्यावेतन द्या

जून २०२४ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं आणि पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजसहभाग अशी नवी नावं आली. त्यांना श्रेयांक आहेत. वर्गाबाहेर पडा, गावात जा, बघा, मोजा, लिहून काढा, असं हे धोरण सांगतं. मी लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल आणि पर्यावरण शिकवते. शासन निर्णय वाचला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आमच्या भागातल्या मुलांना नदी, विहीर, माती यांचा अभ्यास पुस्तकातून करायची गरजच नाही, सगळं दाराशी आहे. श्रेयांक आले. पण बांधावर जायला लागणारं एसटीचं भाडं कुणी देईना, आणि तिथं घालवलेल्या दिवसाची मजुरी कुणी भरून देईना.

मग व्हायचं ते झालं. तालुक्याच्या कोणत्याही गावात झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो. नाव आणि बैठक क्रमांक बदलायचा, स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचं, जमा करायचं. बारावीपर्यंतही हेच चालतं. अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा’ हा विषय आहे, नाव किती चांगलं आहे बघा, आणि त्याची प्रकल्पवही एका मुलानं लिहिली की वर्गभर फिरते. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय सर्व स्तरांवर शिकवण्याचा आदेश दिला, २००३ नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचा अभ्यासक्रम पदवीला सक्तीचा झाला. इतकी वर्षं लाखो मुलं हा विषय उत्तीर्ण होत आली. त्यांनी खरोखर काही मोजलं असतं, तर मराठवाड्यातल्या प्रत्येक ओढ्याची आणि विहिरीची नोंद आज आपल्याकडे असती.

मी मुलांना दोष देत नाही. आमच्या महाविद्यालयात येणारी बहुतेक मुलं दोन-तीन एकरवाल्यांची किंवा भूमिहीनांची आहेत. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची रास असते, उन्हाळा लागला की नांदेडकडे हळद काढायला माणसं लागतात. रविवार हा या मुलांचा कामाचा दिवस असतो. अशा मुलाला ‘रविवारी जाऊन दहा विहिरी मोजून ये’ म्हणणं म्हणजे त्याला एक दिवसाची कमाई सोडायला सांगणं आहे. शहरातल्या सुस्थितीतल्या घरातलं मूल हा दिवस सोडू शकतं, आमच्याकडचं नाही. पर्यावरणाचा अभ्यास मराठवाड्यात कुणी करायचा, हा प्रश्न इथेच निकालात निघतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पाणी, माती, जंगल, नदी यांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना संशोधनाची फेलोशिप मिळाली पाहिजे, ती पीएच.डी.ची वाट न पाहता पदवीच्या शेवटच्या वर्षापासून मिळाली पाहिजे, आणि ती स्वतःच्या तालुक्यात काम करण्यासाठी मिळाली पाहिजे.

माझ्या एका विद्यार्थिनीचं काम मी जवळून पाहिलं आहे, ते सांगते. मन्याडच्या खोऱ्यातल्या गावातली मुलगी, एम.एस्सी.ला होती. तिनं आपल्या गावच्या आणि शेजारच्या दोन गावांच्या विहिरींची पातळी वर्षभर मोजायचं ठरवलं. साधन काय, तर टेप, त्याच्या टोकाला बांधलेलं लोखंडी वजन आणि खडू. टेपच्या शेवटच्या भागाला खडू चोळायचा, विहिरीच्या काठावर एक जागा कायमची ठरवून तिथं रंगानं खूण करायची, आणि दर वेळी त्याच खुणेवरून टेप आत सोडायचा. वजन पाण्यात गेल्याचा आवाज आला की आणखी थोडा सोडून वर ओढायचा. खडू जिथपर्यंत ओला झाला, तिथपर्यंत पाणी. काठापासूनचं अंतर वहीत लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण मोटार चालू असताना मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण उपशानं पाणी खाली गेलेलं असतं. मोटार बंद होऊन विहीर भरून यायला वेळ द्यावा लागतो. शेतीची लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. म्हणजे तिला लाईटचं वेळापत्रक बघून आपलं वेळापत्रक ठरवावं लागे, आणि बऱ्याचदा उजाडायच्या आत शेतात पोचावं लागे.

तिचे वडील महाविद्यालयात आले होते. रागावून नाही, काळजीनं. म्हणाले, “मॅडम, शिकायला आम्ही नाही म्हणत न्हाई. पर पोरगी लोकायच्या इहिरीवर फिरायली, लोकं काय म्हणतेत? अन् ह्याच्यात पुढं हाय काय?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकले. तिच्यासोबत तिचा धाकटा भाऊ जाऊ लागला. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याचाही आधार झाला, नाहीतर दूरच्या गावाच्या फेऱ्या तिला बंदच कराव्या लागल्या असत्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिनं काम पूर्ण केलं. गंमत अशी की तिच्या नोंदींची पहिली दखल गावातल्या शेतकऱ्यांनी घेतली. ओढ्याच्या एका अंगाच्या विहिरी दिवाळीनंतर झपाट्यानं खाली जातात आणि दुसऱ्या अंगाच्या टिकतात, हे तिनं वही उघडून दाखवलं तेव्हा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिला बाजेवर बसवून चहा पाजला आणि आपल्या नव्या बोअरची जागा विचारली. ती म्हणाली, “आजोबा, बोअर कुठं घ्यायचा ते मी नाही सांगू शकत, पण ह्या बाजूला घेऊ नका एवढं सांगते.” शास्त्रज्ञानं बोलावं तितकंच ती बोलली. आज ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. त्यात वाईट काही नाही, घराला पगाराची गरज आहे. पण तिला त्यावेळी महिन्याला सात-आठ हजार रुपये मिळाले असते आणि पुढची एक पायरी समोर दिसली असती, तर मराठवाड्याला एक चांगली भूजलतज्ज्ञ मिळाली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता कुणी म्हणेल, विहिरी मोजायला सरकारी यंत्रणा आहे की. आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडलेले आहेत आणि प्रत्येकात काही विहिरी ठरलेल्या आहेत. हे काम मोलाचं आहे, अनेक दशकं चाललेलं आहे. ऑक्टोबरची पातळी बघूनच पुढच्या उन्हाळ्यातल्या टंचाईचा अंदाज बांधला जातो. पण ती नोंद पाणलोटाचं चित्र देते, गावाचं देत नाही. आणि आपल्या भागात गावागणिक पाणी वेगळं असतं, याचं कारण पायाखालच्या खडकात आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. वरचे सुमारे ३३८ मीटर काळा बेसाल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइट-नाइसचा खडक. लातूर जिल्हा जवळजवळ सगळा या बेसाल्टवर बसलेला आहे. बेसाल्ट पाणी स्पंजासारखं धरत नाही. लाव्हाचे थर एकावर एक पसरलेले, त्यांच्यातल्या सांधीत, भेगांत आणि वरच्या मुरुमात काय मावेल तेवढंच पाणी. एका शेतात बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडे हजार फुटांवर नुसता भुकटा उडतो, तो याच कारणानं. नांदेडच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे गेलात की बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट-नाइस जमिनीवर येतो. तिथं पाण्याचं गणित वेगळं, पाण्याची गुणवत्ताही वेगळी. किनवटकडे पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रश्न आहे. म्हणजे औशाला लागू पडणारा उपाय देगलूरला चालत नाही. इतक्या बारकाईनं मोजायचं तर माणसं लागतात, गावातली लागतात, आणि वर्षानुवर्षं मोजणारी लागतात. यंत्रणेकडे तेवढी माणसं नाहीत आणि कधी असणारही नाहीत.

कायद्याचंच बघा. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, तो अमलात आला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला आळा घालायची तरतूद आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. लातूर जिल्ह्यात दोनशे फुटांवर थांबलेला बोअर दाखवा म्हटलं तर शोधावा लागेल. आठशे, नऊशे, हजार फूट ही नेहमीची बोली आहे. या कायद्याचा अंमल होत नाही याचं एक कारण राजकीय आहे, त्याबद्दल इथं लिहीत नाही. दुसरं कारण साधं आहे. कोणत्या गावात किती बोअर आहेत, किती चालू आहेत, किती फुटांवर आहेत, याची कुणाकडेही विश्वासार्ह यादी नाही. ही यादी एका गावासाठी दोन मुलं महिन्याभरात करू शकतात.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीत दहा वॅगन होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर पाणी. पुढं ५० वॅगनच्या गाड्या आल्या. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागला होता. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. देशभरचे कॅमेरे लातूरला आले. त्याच वर्षी लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरा नदीचं पात्र खोल केलं, आणि तो या शहराच्या इतिहासातला मोठा दिवस होता असं मी मानते. पण खोलीकरणाआधी दोन्ही काठच्या विहिरी किती खोल होत्या, नंतरच्या पाच पावसाळ्यांत त्यांत किती फरक पडला, वाळू उपसल्यानं मुरणं वाढलं की कमी झालं, हे ज्याच्या वहीत महिन्यागणिक लिहिलेलं आहे असा एक तरी विद्यार्थी त्या काळात तिथं असायला हवा होता. अशी वही असती तर आजचा जलसंधारणाचा वाद मतांवर झाला नसता, आकड्यांवर झाला असता. अटल भूजल योजनेत लातूर जिल्ह्याचा समावेश झाला, गावांनी पाण्याचा ताळेबंद मांडला, काही ठिकाणी पर्जन्यमापक बसले. योजनेला शेवटची तारीख असते. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला कुणीतरी वाचावं लागतं, त्याला शेवटची तारीख नसते.

पावसाचा विषय निघालाच आहे तर अतिवृष्टीबद्दलही बोलते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, आणि हा आकडा घ्यायचा महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून. एका मंडळात कितीतरी गावं येतात. ढग एका गावावर फुटतो आणि पर्जन्यमापक दुसऱ्या गावात असतो. ज्याचं सोयाबीन वाहून गेलं त्याचा पाऊस कागदावर ४० मिलिमीटर निघतो, आणि तो मदतीसाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरात एका रात्रीत पाणी चढलं, हसनाळ, रावणगाव या गावांत घरांत पाणी शिरलं आणि माणसं दगावली. त्या भागातल्या ओढ्या-नाल्यांवर कोणत्या पावसाला किती वेळात किती पाणी येतं याच्या नोंदी आधीच्या दहा वर्षांच्या असत्या, तर धोक्याची सूचना कधी द्यायची हे ठरवणं सोपं गेलं असतं. अशा नोंदी करायला डॉक्टरेट लागत नाही. पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी, वही आणि मोबाइल असलेलं जबाबदार मूल लागतं.

पैशांकडे येते. राज्यात आणि देशात संशोधनासाठी पैसा नाही असं नाही. नेट-जेआरएफ मिळालेल्याला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. त्यांनी शेतमजुरांच्या, ऊसतोडणी कामगारांच्या घरांतली पहिली पिढी विद्यापीठात नेली, आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. या फेलोशिप वेळेवर मिळाव्यात, नोंदणीच्या तारखेपासून मिळाव्यात म्हणून मुलांना आझाद मैदानावर महिनोन्महिने बसावं लागलं. २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात तर पीएच.डी. करून ही मुलं काय करणार, असा सवाल सभागृहात झाला. तो सवाल मला फार लागला. माझ्या ओळखीच्या एका संशोधकाला पहिले पैसे हाती यायला इतका उशीर झाला की तोवर त्यानं बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जावरच खोलीचं भाडं भागवलं होतं. तो नदीतल्या सांडपाण्यावर काम करत होता. त्यानं काय केलं हे मला माहीत आहे, म्हणून सांगते, त्याच्या कामाची गरज त्या सवालापेक्षा मोठी होती.

पण हा सगळा पैसा पदव्युत्तर शिक्षणानंतरचा आहे. मूल तेवीस-चोवीस वर्षांचं झाल्यावरचा. आमच्याकडे गळती त्याच्या आधी होते. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला ज्याच्या डोळ्यांत चमक दिसते तो एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला चाकणच्या कंपनीत असतो. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे, ती पदवीच्या मुलांनाही मिळते आणि ती उत्तमच आहे, पण ती मुलाला दोन महिने बंगळूर-हैदराबादच्या प्रयोगशाळेत नेते. तिथं गेलेलं मूल तिकडचं होतं, आणि तेही चालेल, पण मग इथल्या विहिरीचं काय? अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधनासाठी पैसे देतं. त्यांनी हे ओळखलं की संशोधक विसाव्या वर्षी घडतो, तिसाव्या नाही. आपल्याकडे माधव गाडगीळ हेच आयुष्यभर सांगत राहिले. १९९० च्या दशकात त्यांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी सोबत घेऊन जैवविविधतेच्या नोंदींचं जाळं उभं केलं. महाविद्यालयातली मुलं खरं विज्ञान करू शकतात, यावर त्यांचा विश्वास होता. ते जाळं घाटात झालं. बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरा-मन्याड-पैनगंगेच्या खोऱ्यांत तसं काही उभं राहिलं नाही.

आपल्याला ते जमणार नाही असं मात्र कुणी म्हणू नये. लातूर पॅटर्न जगाला दाखवणारी माणसं आपण आहोत. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी आणि त्यांच्यामागून उभ्या राहिलेल्या शिकवण्यांनी आधी दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या गाजवल्या, मग वैद्यकीय प्रवेश गाजवले. नीटचा निकाल लागला की शहरभर फलक लागतात. खेड्यातल्या बापानं दोन एकर गहाण ठेवून मुलगी लातूरला खोली करून ठेवली, ती डॉक्टर झाली, हे इथं शेकडो घरांत घडलं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. हा पॅटर्न चालला, कारण शेवटी काय मिळणार हे बापाला दिसत होतं. एमबीबीएस झालं की दवाखाना, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पर्यावरणाच्या अभ्यासाला हे दिसणंच नाही. ज्या जिल्ह्याला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात हजारो मुलं रात्र-रात्र जागून जीवशास्त्र करतात, पण भूजलशास्त्र नावाचा विषय असतो हे त्यांना बारावीपर्यंत कळत नाही.

नोकऱ्याच नाहीत, हा आक्षेप मी दररोज ऐकते. तो अर्धा खरा आहे. भूजल यंत्रणेत भूवैज्ञानिक लागतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं नांदेडलाही आहेत आणि लातूरलाही. जिल्ह्या-जिल्ह्यांत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा आहेत, मांजरा-तेरणेच्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत आणि प्रत्येकाला सांडपाण्याची प्रक्रिया करावी लागते. नांदेडला गोदावरी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यांत महाराष्ट्रातले ५३ होते, आणि गोदावरीचा पट्टा सर्वांत वाईट गटात होता. म्हणजे काम भरपूर आहे. पदं मात्र कंत्राटी आहेत किंवा रिकामी आहेत. ती भरण्याची मागणी वेगळी करावी लागेल आणि मी ती करतेच. पण पदं निघतील तेव्हा त्यांवर बसायला आपली मुलं तयार हवीत, नाहीतर पुन्हा बाहेरचा माणूस येईल आणि मुखेड कुठं आहे ते नकाशात शोधेल.

शिकवणारी माणसं आणि जागाही आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडच्या विष्णुपुरीत सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. त्याच्या भूशास्त्र संकुलातल्या अभ्यासकांचे नांदेड तालुक्याच्या भूजल गुणवत्तेवरचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत आले आहेत. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तालुक्या-तालुक्याला महाविद्यालय आहे आणि प्रत्येक महाविद्यालयात भूगोलाचा, रसायनशास्त्राचा, वनस्पतिशास्त्राचा शिक्षक आहे, भले त्यातले अनेक तासिका तत्त्वावर का असेनात. एवढा सांगाडा तयार आहे. त्यात रक्त घालायचं आहे.

हिशेब मांडते. एका जिल्ह्यात पन्नास विद्यार्थी घ्या. प्रत्येकाला महिन्याला आठ हजार रुपये, दहा महिने. झाले चाळीस लाख. टेप, पर्जन्यमापक, पाण्याचा खारेपणा मोजायचं हातातलं यंत्र, नमुन्याच्या बाटल्या यांचा खर्च वेगळा, पण तो एकदाच आणि फार नाही. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी राखलेला असतो, त्यातून हे सहज बसतं. आणि पैसे देण्याची वाट सरकारला नवी नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिन्याला दहा हजार आणि बारावी झालेल्यांना सहा हजार रुपये देऊन कार्यालयांत पाठवलं गेलं. कितीतरी मुलं तिथं फायली लावत बसली. त्याच पैशात ती विहिरीवर गेली असती. आपल्या महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतली ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. बागेला पाणी घालणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, ही कामं त्यात चालतात. त्यात गावचा ओढा मोजणं हे काम का बसू नये? विद्यापीठानं एक परिपत्रक काढलं तर ते उद्यापासून सुरू होऊ शकतं, त्याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही.

काही गोष्टींवर मात्र तडजोड नको. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यात आले पाहिजेत. गरीब घराला एकरकमी मोठ्या रकमेपेक्षा वेळेवरची छोटी रक्कम उपयोगाची असते, आणि उशिरा आलेल्या फेलोशिपनं मुलं तुटतात हे मी पाहिलं आहे. निवड नुसत्या टक्क्यांवर होऊ नये. बारावीला साठ टक्के मिळालेला गुराख्याचा मुलगा लाल कंधारी जनावरांच्या चराईबद्दल जे जाणतो ते नव्वद टक्केवाल्याला ठाऊक नसतं. निम्म्या जागा मुलींना हव्यात, आणि त्यांच्यासोबत जोडीनं काम करणारी दुसरी मुलगी त्याच भागातली हवी, म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही. मार्गदर्शक शिक्षकालाही, विशेषतः तासिकेवरच्या शिक्षकाला, या कामाचं मानधन मिळालं पाहिजे. फुकटात राबवलेला शिक्षक मुलांनाही फुकटात राबवायला शिकवतो.

सगळ्यात महत्त्वाचं, नोंदी गावाच्या झाल्या पाहिजेत. मुलानं वर्षाच्या शेवटी आपल्या गावच्या ग्रामसभेत उभं राहून आपल्या आकड्यांचा तक्ता मराठीत वाचून दाखवावा आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावी. दुसरी प्रत विद्यापीठात. संशोधनाचा कागद इंग्रजीत छापून यायचा तेव्हा येईल. पण ज्याच्या विहिरीत टेप सोडला त्याला आपल्या विहिरीचं काय झालं हे आधी कळलं पाहिजे.

मुलांचे आकडे भरवशाचे नसतात, असं काही वरिष्ठ सहकारी म्हणतात. भरवसा शिकवण्यातून येतो. भूजल यंत्रणेच्या माणसांनी दोन दिवस शिकवावं, दर दहा नोंदींमागे एक नोंद शिक्षकानं स्वतः जाऊन पुन्हा तपासावी. आपण ज्या पर्जन्यमानाच्या आकड्यांवर विमा आणि मदत ठरवतो ते आकडेही शेवटी कुणीतरी माणसं आणि यंत्रंच देतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा आणि आपल्या लेकरांवर नाही, हे मला मान्य नाही.

जिल्हा वार्षिक योजनेचे आराखडे हिवाळ्यात ठरतात. दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना, जिल्हाधिकाऱ्यांना आणि आमच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना माझी विनंती आहे की येत्या आराखड्यात चाळीस-चाळीस लाखांची ही एक ओळ घालावी. ज्या पालकांची मुलं विज्ञान शाखेत आहेत त्यांनी प्राचार्यांना भेटून याची मागणी करावी, ज्या सरपंचांना आपल्या गावचे बोअर आणि विहिरी मोजून हव्या आहेत त्यांनी ग्रामसभेत ठराव घेऊन तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा. काम करायला तयार असलेल्या मुलामुलींची माझ्या महाविद्यालयातली यादी माझ्याकडे तयार आहे, आणि ती मी कोणत्याही दिवशी द्यायला बांधील आहे.